गेमच्या पुढच्या भागात आपलेही वावर हवे असेल तर

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कोरडवाहू वावर (शेत) आहे, त्यात कापूस आणि तूर असते. मी आणि माझे तीन मित्र बऱ्याच वर्षांपासून ‘फार्मिंग सिम्युलेटर’ हा शेतीचा संगणकीय गेम खेळतो. त्यात कापूस आहे, पण तो परदेशातला. एकदा मोठे यंत्र फिरले की शेत रिकामे होते. म्हणून आम्ही आपल्या शिवाराचा नकाशा तयार करायला घेतला. धुरे (बांध), नाला, बाभळी, जिनिंग (कापसातील सरकी काढण्याची गिरणी) आणि बैलबंडी एवढे झाले आहे. पुढच्या भागात कंपनीने आपल्याकडची शेती घ्यावी अशी आमची फार इच्छा आहे. एक मित्र म्हणतो की सह्यांची मोहीम काढू आणि तरी ऐकले नाही, तर सगळे मिळून ऑनलाइन अभिप्रायात गेमला एकच तारा देऊ. दुसरा म्हणतो की नकाशा विकायला काढू. मोठेबाबा म्हणतात, लॅपटॉपमध्ये पेरलेले उगवत नाही. या वादात आम्हा मित्रांचे आपसात बोलणेही कमी झाले आहे. खेड्यातल्या चार पोरांचे कोणती कंपनी ऐकते का? आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न अनेक आहेत, पण ते सगळे एकाच प्रश्नाला येऊन मिळतात : खेळणाऱ्यांचा गट, मग तो कितीही लहान असो, गेमच्या पुढच्या भागावर खरोखर काही परिणाम करू शकतो का? माझे उत्तर स्पष्ट आहे. करू शकतो, आणि अनेकदा केलाही आहे. मात्र तो परिणाम मागणीच्या जोरावर कमी आणि करून दाखवलेल्या कामाच्या जोरावर अधिक झाला आहे. असे काम तुमच्या हाती अर्धे तयार आहे, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

सुरुवात तुमच्याच गेमपासून करू. स्वित्झर्लंडमधील जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीने २००८ मध्ये या मालिकेचा पहिला भाग काढला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिच्यात पिकाला ऋतूचे बंधन नव्हते. केव्हाही पेरावे, केव्हाही काढावे. शेती जाणणाऱ्या खेळाडूंना ही गोष्ट खटकत होती. त्यांच्यातील रियलिस्मस मॉडिंग नावाच्या गटाने ‘फार्मिंग सिम्युलेटर १७’ आणि पुढे ‘१९’ या भागांसाठी ‘सीझन्स’ नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेमला बाहेरून जोडायची भर, तयार केला. त्यात पेरणीचे आणि काढणीचे महिने ठरलेले होते, जमिनीच्या तापमानाचा हिशोब होता, हिवाळ्यात बर्फ पडत होता. हा मॉड खेळाडूंनी अक्षरशः डोक्यावर घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘२२’ हा भाग आला, तेव्हा ऋतुचक्र मूळ गेममध्येच होते. ट्रॅक्टर सरळ ओळीत चालवणाऱ्या जीपीएसचेही तसेच झाले. आधीच्या भागांत ही सोय चाहत्यांच्या मॉडमधून मिळत होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘२५’ मध्ये ती कंपनीने स्वतःच दिली.

या दोन्ही उदाहरणांत एक बारकावा आहे आणि तो तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कंपनीने मॉड जसाच्या तसा उचलला नाही. ऋतू घेतले, पण ते बरेच सोपे करून घेतले आणि ज्याला ऋतूप्रमाणे पीक वाढायला नको असेल त्याला ते बंद करण्याची मुभा ठेवली. चाहत्यांचा गट आपल्यासारख्याच जाणकारांसाठी काम करतो. कंपनीला मात्र ज्याने आयुष्यात कधी वखर पाहिलेला नाही, अशा खेळाडूचाही विचार करावा लागतो. त्यामुळे तुमचे शिवार हुबेहूब पुढच्या भागात येईल, अशी अपेक्षा मनात धरू नका. तुमच्या नकाशातील एखादी कल्पना, खेळायला गोडी लावणारी आणि दुसऱ्या देशातील खेळाडूलाही समजणारी, पुढे जाऊ शकते. ती कोणती असावी याबद्दल मला तुमच्याशी मनापासून बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात : “एकदा मोठे यंत्र फिरले की शेत रिकामे होते.”

कापूस या मालिकेत ‘१९’ या भागात, म्हणजे २०१८ मध्ये आला. तो अवाढव्य यंत्राने काढला जातो, त्याचे मोठे गठ्ठे बांधले जातात आणि त्या शेतापुरता विषय संपतो. आपल्याकडे तसे होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत. खालच्या फांद्यांवरची आधी फुटतात, वरची नंतर. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून पहिली वेचणी सुरू होते, बायका कमरेला ओटी बांधून ओळीने वेचत जातात, गाठोडी धुऱ्यावर येतात, आणि काही आठवड्यांनी त्याच वावरात पुन्हा दुसरी वेचणी असते, मग तिसरी. पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र, नंतरच्या वेचणीत कवडी (डागाळलेला कापूस) वाढते आणि भाव उतरतो. शेवटी कास्तकारापुढे प्रश्न उभा राहतो की पऱ्हाटी उपटून वावर मोकळे करावे की फरदड ठेवून, म्हणजे तीच झाडे हंगामानंतरही राखून, आणखी चार पैसे पाहावेत. फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून कृषी विभाग ती ठेवू नका असे सांगतो. हा सगळा व्यवहार गेमच्या भाषेत म्हणजे निर्णयांची साखळी आहे. केव्हा वेचावे, किती मजूर लावावेत, आताच विकावे की थांबावे, फरदड ठेवावी की नाही, असे एकेक निर्णय खेळाडूला घ्यावे लागतील. एका फेरीत शेत रिकामे करणाऱ्या यंत्राजवळ ही गोडी नाही. धुरे, बाभळी आणि बैलबंडी यांनी तुमचा नकाशा आपला दिसेल. वेचण्यांनी तो आपल्यासारखा चालेल, आणि पुढच्या भागाच्या दृष्टीने मला दुसरी गोष्ट अधिक वजनाची वाटते.

ती करण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. या गेममध्ये गवत आणि ऊस कापल्यानंतर पुन्हा वाढतात, म्हणजे काढणीनंतर पीक आधीच्या अवस्थेत परत नेण्याची सोय त्यात मुळातच आहे. तीच सोय कापसाला लावून पाहा. प्रत्येक पिकाच्या वाढीच्या अवस्था साध्या मजकुराच्या एक्सएमएल फायलींमध्ये लिहिलेल्या असतात. बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला त्या वाचता येतील. शक्य तेवढे काम या फायलींमध्येच भागवा. लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहून जास्त करता येते हे खरे, पण स्क्रिप्ट असलेले मॉड प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर चालत नाहीत, आणि मग तेवढे खेळाडू तुमच्या हातून जातात. नकाशा तयार करण्याचे जायंट्स एडिटर हे साधन कंपनी विनामूल्य देते, ते तुम्ही वापरत असालच. पूर्ण झालेला मॉड कंपनीच्या मॉडहब या अधिकृत ठिकाणी पाठवता येतो. तेथे तो तपासला जातो आणि नियमांत बसला तर सर्व खेळाडूंसाठी ठेवला जातो. तुमच्यासारख्या गटाला कंपनीच्या लोकांसमोर आपले काम ठेवण्याचा यापेक्षा सरळ रस्ता नाही. मंत्रालयात कागद घेऊन जावे आणि साहेबांची भेटच होऊ नये, असा हा प्रकार नाही. तपासणाऱ्याला तुमचा मॉड उघडून पाहावाच लागतो.

चाहत्यांच्या कामातून नवे गेमच उभे राहिल्याची उदाहरणे तुम्ही ऐकली असतील. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर दोन तरुणांनी केलेला मॉड होता. मूळ गेमच्या वाल्व्ह कंपनीने त्या दोघांना कामावर घेतले आणि पुढच्याच वर्षी तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. तुमच्या गावात पारावर बसून मुले जे बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळतात, त्याची वंशावळही अशीच आहे. ‘आर्मा २’ या युद्धाच्या गेमवर डीन हॉल यांनी २०१२ मध्ये ‘डेझी’ हा मॉड केला, त्यावर आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी शेवटचा माणूस उरेपर्यंत लढायचा आपला मॉड केला, एका कोरियन कंपनीने त्यांना बोलावून घेतले, २०१७ मध्ये पबजी आला, आणि भारतात मूळ मोबाइल गेमवर बंदी आल्यानंतर २०२१ मध्ये खास येथील खेळाडूंसाठी बीजीएमआय निघाला. एका मॉडपासून सुरू झालेला हा प्रवास दारव्ह्यापर्यंत आलेला आहे. यातील कोणीही आधी मोहीम काढून नंतर काम केले नाही. आधी खेळता येईल असे काहीतरी लोकांच्या हाती दिले. गर्दी त्यानंतर जमली.

आता मोहिमेच्या सूचनेकडे वळतो. मोहिमा अगदीच निरुपयोगी असतात असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. २०११ मध्ये ‘ऑपरेशन रेनफॉल’ या नावाने चाहत्यांनी एकत्र येऊन जपानमध्ये निघालेले तीन गेम उत्तर अमेरिकेतही आणावेत अशी मागणी केली. पत्रे पाठवली आणि त्यांपैकी ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’साठी आगाऊ नोंदणीही मोठ्या प्रमाणात केली. तो गेम २०१२ मध्ये तेथे आला आणि पुढे त्याचे आणखी भागही निघाले. त्याच वर्षी ‘मास इफेक्ट ३’ या गेमचा शेवट आवडला नाही म्हणून खेळाडूंनी मोठी चळवळ केली. त्यातील अनेकांनी शिवीगाळ न करता आजारी मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठी ८० हजार डॉलरहून अधिक निधी जमवून आपली नाराजी कळवली, आणि काही महिन्यांतच कंपनीने शेवटाचा विस्तार विनामूल्य दिला. पण तेथेही शेवट बदलला नाही, तो अधिक स्पष्ट केला गेला. तक्रार मान्य झाली. तिच्यावरचा उपाय कंपनीने आपल्या मनाने निवडला.

या मोहिमांच्या मागण्या नेमक्या होत्या हेही लक्षात घ्या. एक गेम अमुक देशात आणा, एका गेमचा शेवट नीट समजावून सांगा, असे त्यांचे म्हणणे एका वाक्यात मावत होते. “आपली शेती घ्या” ही मागणी तशी नेमकी नाही. ‘२५’ मध्ये भात आला, म्हशी आल्या, आशियाई धाटणीचा एक नकाशाही आला. म्हणजे आशियाच्या शेतीकडे कंपनीचे लक्ष गेलेले आहे. तिला तुमच्याकडून हवी आहे ती माहिती. आणि एक तारा देण्याच्या कल्पनेला मी ठामपणे नाही म्हणेन. तुम्हाला जो गेम इतका आवडतो की बऱ्याच वर्षांपासून खेळत आहात, त्याला एक तारा देणे हे खोटे बोलणे आहे. त्या ताऱ्यावरून कोणाला कापूस कळणार नाही, वेचणी कळणार नाही, आणि काम करणाऱ्या माणसांच्या मनात भारतीय खेळाडूंविषयी अढी तेवढी बसेल. सह्याच गोळा करायच्या असतील, तर मॉड निघाल्यानंतर करा, आणि त्यांच्या जागी खेळून पाहिलेल्यांचे अभिप्राय गोळा करा : कोठे अडले, काय आवडले, कोणत्या संगणकावर मंद चालले. असे पन्नास अभिप्राय मला पाच हजार सह्यांपेक्षा जास्त कामाचे वाटतात.

विक्रीविषयी मात्र फार सांभाळून चाला. तुमच्या मित्राला वाईट सुचले असे नाही; कष्टाचे मोल मागण्यात गैर काहीच नसते. पण नकाशा दुसऱ्याच्या गेमवर उभा आहे. तो गेम, त्याचे नाव आणि त्यातील यंत्रांची चित्रे तुमच्या मालकीची नाहीत, आणि मालकीच्या प्रश्नावर उत्तम काम करणारे चाहतेही अडचणीत आलेले आहेत. ‘मेट्रॉइड’ मालिकेच्या एका जुन्या भागाचे नवे रूप मिल्टन गुआस्ती या चाहत्याने बरीच वर्षे खपून तयार केले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये विनामूल्य दिले. काही दिवसांतच निन्टेन्डो कंपनीने कायदेशीर हरकत घेऊन ते उतरवायला लावले. २०१७ मध्ये त्याच जुन्या भागाचे कंपनीचे स्वतःचे नवे रूप बाजारात आले. गुआस्ती यांना पुढे एका वेगळ्या स्टुडिओत, ‘ओरी’ मालिकेच्या दुसऱ्या भागावर काम मिळाले, म्हणजे त्यांचे शिकणे वाया गेले नाही. पण जे काम त्यांनी जिवापाड केले होते ते झाकले गेले. याउलट ऑस्ट्रेलियाच्या क्रिश्चन व्हाइटहेड यांनी ‘सोनिक’च्या जुन्या गेमचा एक नमुना स्वतःच्या बळावर करून सेगा कंपनीपुढे ठेवला, कंपनीने त्यांना काम दिले, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘सोनिक मेनिया’ हा अधिकृत नवा भाग निघाला. दोघांचेही कौशल्य वरच्या दर्जाचे होते. एकाची गाठ अशा कंपनीशी पडली जी परवानगी देत नव्हती, दुसऱ्याची देणाऱ्या कंपनीशी. तुमची कंपनी मॉड करू देते, त्यासाठी साधने देते, जागा देते. हे भाग्य समजून तिच्या नियमांच्या आत राहा, आणि नकाशा विनामूल्य द्या.

नियम वाचताना आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, ट्रॅक्टरवर खऱ्या कंपनीचे नाव आणि चिन्ह तुम्ही लावले असेल, तर ते काढा किंवा कल्पित नाव द्या. मूळ गेममधील नावे करार करून घेतलेली असतात. दुसरी, दुसऱ्या कोणत्या मॉडमधून झाड, घर किंवा बंडी उचलली असेल, तर ती करणाऱ्याची लेखी परवानगी घ्या आणि त्याचे नाव आत लिहा. चाहत्यांच्या जगात परक्याचे काम आपले म्हणून मिरवण्यासारखा दुसरा कलंक नाही, आणि तो लागला की मॉड कितीही चांगला असला तरी कोणी हात लावत नाही. हेही आधीच समजून घ्या की तुमची कल्पना पुढच्या भागात आली, तरी तुमचे नाव येईलच किंवा पैसे मिळतीलच असे नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमवर चाहत्यांनी केलेल्या एका नकाशातून ‘डोटा’ हा गेम जन्माला आला आणि पुढे तो वाल्व्हकडे गेला. त्यानंतर २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती काढताना त्या गेमच्या ब्लिझार्ड कंपनीने खेळाडूंनी केलेल्या नकाशांचे हक्क आपले राहतील असे अटींमध्येच लिहून घेतले. ही अट मला अन्यायाची वाटते. तरी सही करण्यापूर्वी ती वाचणे आपल्या हातात असते, आणि तुमच्या गेमच्या अटी तुम्ही चौघांनी एकदा शांतपणे बसून, गरज पडल्यास महाविद्यालयातील इंग्रजीच्या शिक्षकांना सोबत घेऊन, शेवटपर्यंत वाचाव्यात.

मोठेबाबांच्या बोलण्याचा राग मानू नका. त्यांनी हंगाम बुडताना पाहिलेले आहेत, आणि तुमचे पदवीचे वर्ष बुडू नये ही त्यांची काळजी रास्त आहे. तिचे उत्तर निकालानेच देता येईल, तेव्हा परीक्षेच्या महिन्यात लॅपटॉप अभ्यासापुरताच उघडा. एरवी मात्र त्यांना या कामापासून दूर ठेवू नका. पहिल्या वेचणीला एकरी किती कापूस निघतो आणि तिसरीला किती, पाऊस लांबला की बोंडांचे काय होते, डवरणीचे, म्हणजे ओळींमधले तण काढण्याचे, फेर किती आणि केव्हा, तुरीच्या ओळी किती अंतरावर, हे सर्व त्यांना तोंडपाठ असेल. गेममधील प्रत्येक वेचणीचे उत्पन्न ठरवण्यासाठी हेच आकडे लागणार आहेत. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्यांचे आकडे टाकून वावर चालवून दाखवले, तर चुका काढायला ते स्वतःहून लॅपटॉपजवळ येतील असा माझा अंदाज आहे. पुढे याच क्षेत्रात काम करण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर पूर्ण केलेला आणि लोकांनी खेळलेला एक मॉड दाखवायला असणे फार उपयोगी पडते. आपल्याच राज्यात, पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढून जगभरच्या खेळाडूंपर्यंत नेला आहे. पण नोकरीच्या आशेवर पदवी सोडू नका.

मित्रांमधील अबोला कामाच्या वाटणीने सुटेल असे मला वाटते. ज्याला मोहीम हवी आहे, त्याच्याकडे लोकांशी बोलण्याची हौस आहे; खेळून पाहणाऱ्यांचे अभिप्राय जमवणे आणि मॉडचे वर्णन साध्या इंग्रजीत लिहिणे त्याच्याकडे द्या. ज्याला विक्री सुचते, त्याला हिशोब कळतो. गेममधील कापसाचे भाव, मजुरी आणि जिनिंगचा व्यवहार त्याला बसवू द्या. वेचणीचे काम तुम्ही घ्या, आणि नकाशा चौथ्याकडे द्या. संपूर्ण शिवार पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नका. मालिकेचे मुख्य भाग गेल्या काही वर्षांत २०१८, २०२१ आणि २०२४ असे तीन-तीन वर्षांनी आले आहेत, आणि नव्या भागात काय घ्यायचे हे तो बाजारात येण्याच्या बरेच आधी ठरत असते. त्यामुळे एकच वावर, त्यात पऱ्हाटी, तीन वेचण्या आणि शेवटी फरदडीचा निर्णय, एवढाच छोटा मॉड आधी पूर्ण करून पाठवा. नाला, बाभळी आणि बैलबंडी दुसऱ्या आवृत्तीत येऊ द्या. तपासणीत तो परत आला, तर परत करण्याचे कारण सोबत येते; ते दुरुस्त करून पुन्हा पाठवा.